निखाऱ्यावरची भाकर

आपत्तीनंतरच्या समुपदेशनात माझी तीस वर्षं गेली. या कामाचा पहिला धडा मला भूकंपग्रस्त किल्लारीत मिळाला, तोही माझ्या चुकीतून.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. घात केला तो घरांनीच. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचा भार. उन्हाळ्यात गारवा देणारं छप्पर झोपेतल्या लेकराबाळांवर बसलं.

मी समाजकार्याची विद्यार्थिनी होते. आमच्या चर्चमधून मदतीला गेलेल्या गटात सगळ्यांत लहान. पत्र्याच्या शेडबाहेर एक बाई नुसती बसून असायची. तिची दोन्ही मुलं गेली होती. लहानपणापासून मयताच्या घरी जे ऐकत आले होते तेच मी तिला म्हणाले, "देवाची काहीतरी योजना असेल." तिनं वर पाहिलं. "तुमच्या देवाला माझीच लेकरं दिसली का वो?" आणि तोंड फिरवलं.

आमच्यासोबत एक वयस्कर नर्सबाई होत्या. त्या काही न बोलता तिच्याजवळ बसल्या. पडलेल्या भिंतीचे तीन दगड मांडून त्यांनी चूल केली, ज्वारीचं पीठ मळलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी बाई म्हणाली, "सरका. तुमची भाकर चिरतीय." तिनं परात पुढं ओढली. पिठावर तिचा हात पडू लागला आणि भाकर थापता थापता ती पहिल्यांदा रडली. थोरला कसा कडक भाकरच मागायचा, ते सांगत राहिली. मी फक्त ऐकलं.

त्या रात्री मी कंदिलाच्या उजेडात बायबलमधला एलीया संदेष्ट्याचा अध्याय उघडला. जीव नकोसा झालेला एलीया रानात झुडपाखाली आडवा होतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खाऊ घालतो. पुढं होरेब डोंगरावर सोसाट्याचा वारा सुटतो, भूकंप होतो, आग पेटते. या तिन्हींत परमेश्वर नसतो. नंतर एक मंद वाणी येते. परमेश्वर आधी विचारतो, त्याचं गाऱ्हाणं दोनदा ऐकून घेतो आणि मग त्याच्या हाती काम सोपवतो.

हा अध्याय मी संडेस्कूलमध्ये पाठ केला होता. किल्लारीत तो मला कळला. देव भूकंपात नव्हता, हे मी तेव्हापासून ठामपणे मानते. भाकर, झोप, ऐकणं आणि काम, याच क्रमानं तो माणसाजवळ येतो. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस गप्प बसले तोवर खरे सोबती होते. कारणं सांगू लागले आणि परके झाले.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. त्यातली तीन सूत्रं साधी आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. त्यात घडलेलं खोदून विचारायला मनाई आहे, खोट्या आश्वासनालाही. मला ती वाचताना चुलीपुढच्या नर्सबाई आठवल्या.

भाकर आणि काम देणारी हीच श्रद्धा मला पंडिता रमाबाईंत दिसते. त्यांचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावच्या आपल्या 'मुक्ती' मिशनमध्ये त्यांच्या हाताला काम दिलं. त्यांच्या ख्रिस्तश्रद्धेला स्वतःच्या भुकेची आठवण होती. म्हणून ती श्रद्धा मला जवळची वाटते.

या कामात एक पथ्य मी कटाक्षानं पाळते. भाकरीसोबत अट द्यायची नाही. कोसळलेल्या माणसाला धर्म सांगणं म्हणजे त्याच्या असहायतेचा फायदा घेणं. किल्लारीत सामुदायिक चिता पेटल्या, कित्येकांना आपल्या माणसाला शेवटचं पाहताही आलं नाही. कुणाला नदीवर जाऊन राहिलेला विधी करायचा असेल, तर त्याच्यासोबत जाणं हीच माझी प्रार्थना.

भूकंपानंतर दीड महिन्यानं दिवाळी आली. वस्तीत कुणालाच सण नको होता. संध्याकाळी ती बाई आमच्या शेडपाशी आली आणि दोन पणत्यांपुरतं तेल मागितलं. एक पणती तिनं आपल्या दारात ठेवली. दुसरी शेजारच्या शेडमध्ये एकट्या उरलेल्या म्हाताऱ्याच्या दारात ठेवून आली, आणि येताना त्याला जेवायला घेऊन आली.