तान्ह्या पोळ्याचे कागदी बाशिंग



विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदी सजवून चौकात किंवा देवळासमोर ओढत आणतात आणि नंदीबरोबर स्वतःही नटतात. कोणी शेतकरी होतो, कोणी मावळा, कोणी नवरदेव. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींनी हा मुलांचा पोळा सुरू केला, असे सांगतात. नटण्याचे सामान हल्ली भाड्याने मिळते. पण त्यातले जे डोक्यावर, कपाळावर आणि ओठांवर चढते, ते बहुतेक सगळे कागदात होते आणि मुलांच्या हातून होते.

त्यात पहिला मान बाशिंगाचा. पुठ्ठा, रंगीत कागद, बेगड आणि भेंड यांपासून ते पूर्वापार होत आले आहे. नवरदेवाच्या कपाळाला बांधतात तसे ते पोळ्याला बैलाच्याही कपाळाला बांधतात. त्यामुळे एक मोठे बाशिंग मुलाचे आणि त्याच नमुन्याचे छोटे नंदीचे, अशी जोडी करता येते. मुलांना ही जोडीच जास्त आवडते.

आधी माप, मग कात्री. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० सेंमी असतो, दहाव्या वर्षी तो दोन-तीन सेंमीनेच वाढलेला असतो. खालची पट्टी घेरापेक्षा आठ-दहा सेंमी आखूड ठेवून उरलेली जागा नाडीला सोडावी, म्हणजे बाशिंग सैल-घट्ट करता येते. ए-४ कागदाची लांबी ३० सेंमीसुद्धा भरत नाही, म्हणून ही पट्टी दुकानातल्या पूर्ण कार्डशीटमधून, म्हणजे २२ × २८ इंची कागदातून, एकसंध काढावी. मध्ये जोड आला की नेमकी तिथेच ती मोडते. माप न घेता कापलेले बाशिंग मात्र म्हणीतल्याप्रमाणे गुडघ्यालाच बसायचे.

कार्डशीट आधी हलकेच उभे आणि आडवे वाकवून पाहावे. गिरणीत कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने लागतात, त्यामुळे तो एका बाजूने सहज वळतो आणि दुसऱ्या बाजूने अडतो, वळवलाच तर घडी पडते. पट्टी डोक्याभोवती सहज वळेल अशाच बाजूने कापावी. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, त्याचेही कारण हेच. मुलांना हे आधी फाडून दाखवावे. पुढे समजावण्याची गरज उरत नाही.

वरची पाने, टोके, कमानी यांसाठी रद्दीचा कागद मधोमध दुमडून त्यावर अर्धेच बाशिंग काढायचे आणि दोन्ही पदर एकदम कापायचे. उलगडल्यावर दोन्ही बाजू सारख्या निघतात. चार वर्षांच्या मुलाला सरळ रेघ कापणेही जड जाते, त्याने बेगड आणि घोटीव कागद हाताने फाडून चिकटवावा. मोठ्या मुलांना वळण कापताना एकच गोष्ट सांगावी: कात्री जागच्या जागी ठेवायची आणि फिरवायचा तो कागद. बोथट टोकाची कात्री चांगली, पण तिला धार हवीच. धार नसलेली कात्री कागद चावते आणि मूल कंटाळते.

जाड, सोनेरी वेलबुट्टीच्या कागदाचा उत्तम साठा म्हणजे लग्नसराईतल्या जुन्या पत्रिका. त्यांवरचा गणपती कापायला घरातली वडीलधारी मंडळी राजी नसतात, तेवढा भाग बाजूला ठेवावा. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून तो विचार नको. चमकीची भुकटीही टाळावी. ती कपाळावरून डोळ्यांत जाते आणि घरातून महिनाभर निघत नाही.

खरी अडचण हवेची. पोळा श्रावणी अमावास्येचा, म्हणजे भर पावसाळ्यातला. दमट हवेत कागद ओलावा ओढून नरम पडतो, खळ उशिरा वाळते, आणि घामाचा किंवा पावसाचा थेंब लागला की क्रेप कागदाचा रंग थेट कपाळावर उतरतो. म्हणून क्रेप कागद वरच्या फुलांपुरताच वापरावा, आणि पट्टी दुहेरी करून तिच्या आत सुती कापडाची चिंधी लावावी. नाडीची भोके तशीच सोडली तर पहिल्याच ओढीला फाटतात, प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंना कापडाची टिकली चिकटवावी. रबर लावू नये, त्यात केस अडकतात. नाडी डोक्यामागेच बांधावी, हनुवटीखालून किंवा गळ्यातून कधीही नाही.

शेतकऱ्याला बाशिंग नको, टोपी हवी. उलगडलेल्या वर्तमानपत्राची, घराला रंग देणारे घालतात तशी टोपी मूल एकदा पाहून शिकते. त्याच कागदातून चौकोन कापला तर जपानी शिरस्त्राणही होते. जपानात ५ मेच्या बालदिनाला मुले ते वर्तमानपत्राचेच करतात. मावळ्याच्या वेशात ते शोभत नाही, पण मुलांना ते फार भावते.

मिशा काळ्या कागदाच्या. झुपकेदार असोत की आकडेबाज, कागद दुमडूनच कापायच्या. ओठावर डिंकाने चिकटवलेली मिशी खाजते आणि शिंकेबरोबर जाते, म्हणून ती दांडीवर लावून हातात धरायला द्यावी. दांडी वहीच्या कागदाची करावी. एका कोपऱ्यापासून तो घट्ट गुंडाळत गेले की टणक नळी होते. टोकदार बांबूच्या काडीपेक्षा ही बरी, कारण गर्दीत ती कोणाच्या डोळ्यात गेली तरी वाकते. मुंडावळ्यांसाठी गुळगुळीत मासिकाच्या लांब त्रिकोणी पट्ट्या रुंद टोकाकडून काडीवर गुंडाळायच्या, शेवट चिकटवून काडी काढून घ्यायची, की मणी तयार. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती हे मणी देऊ नयेत, ती ते नाकातोंडात घालतात.

मुखवटा करायचाच असेल तर नाकापर्यंतचा, अर्धा. पूर्ण मुखवट्यात श्वासाच्या वाफेने कागद भिजतो आणि मुलाचे बोलणे ऐकू येत नाही. तयार छापील मुखवट्यांची भोके मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या अंतराने, म्हणजे सहा सेंमीच्या पुढे पाडलेली असतात. लहान मुलाच्या बुबुळांमधले अंतर पाच सेंमीच्या आसपास. परिणामी मूल एकाच डोळ्याने पाहत चालते आणि पायरीवर अडखळते. भोके त्याच्याच चेहऱ्यावर खुणा करून पाडावीत, आणि मुखवटा घालून पळू देऊ नये.

तान्ह्या पोळ्यातल्या सजावटीच्या स्पर्धेत बक्षीस बहुतेकदा आयांच्या हातच्या कामाला मिळते, हे परीक्षकांनी थांबवावे. वाकडे कापलेले, एक पान जास्त लागलेले बाशिंग मुलाचे असते, आणि तेच ते दिवसभर काढत नाही.

चिकटवायला घरची खळ पुरे: दोन चमचे मैदा कपभर पाण्यात कालवून, ढवळत, पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या खळीत नको. खळ पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी करावी आणि काम त्याच दिवशी संपवावे, कारण या हवेत ती दुसऱ्या दिवशी आंबते.