बेंचवरचा सहावा

चाहत्याला संघ हरल्याचं दुःख असतंच; पण आवडता खेळाडू मागे ठेवून संघ हरला, की ते दुःख जास्त दिवस टिकतं.

मी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा चाहता. सुट्टीत घरी गेलो की जुन्या सामन्यांचे व्हिडिओ पाहतो. त्यातला एक सामना मला अजून छळतो: ४ एप्रिल २०१५, इंडियानापोलिस, उपांत्य फेरी, केंटकी विरुद्ध विस्कॉन्सिन.

केंटकीने तोवर ३८ पैकी ३८ सामने जिंकले होते. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांच्याकडे इतके गुणी खेळाडू होते, की मोसमाच्या सुरुवातीला ते पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या आळीपाळीने उतरवत. त्या तुकड्यांना नाव होतं ‘प्लाटून’. हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको! डिसेंबरमध्ये एका खेळाडूच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि ही पद्धत मागे पडली.

माझी चिडचिड आहे ती डेव्हिन बुकरसाठी. लांबून घेतलेल्या दर दहा फटक्यांपैकी चार तो बास्केटमध्ये टाकत असे. तरी त्या पूर्ण मोसमात तो एकदाही पहिल्या पाचात नव्हता.

उपांत्य सामन्यात सहा-साडेसहा मिनिटं उरली असताना केंटकी ६०-५६ ने पुढे होती. त्यानंतर सलग तीन वेळा फटक्यासाठी मिळणारे ३५ सेकंद संपले आणि चेंडू हातातून गेला. सामना ७१-६४ असा हरला. वर्षभर खोल बेंचसाठी गाजलेला संघ शेवटी अडखळताना पाहून वाटतं, त्या दोन ताज्या तुकड्या कुठे गेल्या?

दोनच दिवसांनी त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. दुसऱ्या सत्रात ड्यूक विस्कॉन्सिनपेक्षा नऊ गुणांनी मागे होती. त्यांचे प्रशिक्षक माइक शशेव्स्की हे वेस्ट पॉइंटचे कॅडेट आणि पुढे सैन्यात अधिकारी. त्यांनी बेंचवरच्या ग्रेसन अ‍ॅलनवर भिस्त ठेवली. पहिल्या वर्षाचा हा मुलगा मोसमात सरासरी पाच गुणही करत नव्हता. त्या रात्री त्याने १६ गुण केले आणि ड्यूकने ६८-६३ ने विजेतेपद मिळवलं.

प्रशिक्षक रोजचा सराव पाहतात, आम्ही चाहते फक्त सामना पाहतो, हे मला मान्य आहे. पाचच जण मैदानात उतरू शकतात, हेही खरं. पण राखीव तुकडी म्हणजे उरलेली माणसं नव्हेत. निर्णायक क्षणासाठी हाताशी ठेवलेलं बळ म्हणजे राखीव तुकडी.

हे मी बेंचवरूनच लिहितो आहे. हाऊसच्या संघात मी सहावा आहे. नोटीस बोर्डावरच्या यादीत पहिल्या पाचांत नाव नसलं की घसा कोरडा पडतो. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे बूट बांधून कोर्टवर हजर राहणं माझ्या हातात आहे, आणि ते मी करतो.

बुकरनेही वाट पाहिली. त्याच वर्षी तो एनबीएमध्ये निवडला गेला आणि २०१७ मध्ये त्याने एका सामन्यात ७० गुण केले.

संघ निवडणाऱ्या सरांना आणि कॅप्टनना एवढीच विनंती: पहिल्या पाचांत कुणाला घ्यायचं ते तुम्ही ठरवा, पण साध्या सामन्यांत सहाव्याला थोडी मिनिटं द्या. अंतिम सामन्यात तो तुम्हाला लागणार आहे.