फोटोखालचे नाव

होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली नवसारीस झाला. वडील पारशी रंगभूमीवरील नट. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या; कॅमेरा शिकविला माणेकशा यांनी, पुढे तेच पती झाले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने त्यांच्या फोटोंना प्रत्येकी एक रुपया दिला. पण सुरुवातीचे कित्येक फोटो छापून आले ते माणेकशांच्या नावाने! बाई फोटो काढते, हे तेव्हा कुणाला पटणार?

१९४२ साली त्या दिल्लीस गेल्या. ब्रिटिश माहिती खात्यात नोकरी, शिवाय नियतकालिकांची कामे. जड कॅमेरा सावरीत, साडी नेसलेली ही बाई पुरुषांच्या घोळक्यात उभी राही. फाळणीच्या योजनेवर मत देताना वर झालेले हात, १९४८ सालची गांधीजींची अंत्ययात्रा, हे सारे त्यांनी टिपले. १९७० मध्ये त्यांनी काम थांबविले. २०११ साली पद्मविभूषण मिळाले, ते त्यांच्या स्वतःच्या नावाने.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. बोरीच्या शिवारात आई कापूस वेचते, सोयाबीन काढते. पट्टी वडिलांच्या नावाने होते. सातबाऱ्यावरही आई नाही. वडील वाईट नाहीत. रीतच तशी, म्हणतात. माणेकशाही वाईट नव्हते. चांगल्या माणसांच्या घरातही नाव असे झाकले जाते, हेच मला अधिक टोचते.

सातबाऱ्यावर आईचे नाव लावा, असे मी वडिलांना सांगितले आहे. ते अजून गप्प आहेत. मी पुन्हा विचारणार आहे.