मामाचा रिपोर्ट

मुरबाडजवळ भातशेती करणाऱ्या माझ्या मामाच्या रक्ताच्या रिपोर्टात दोन गोष्टी एकदमच निघाल्या : हेपटायटिस सी, आणि व्हिटॅमिन डी कमी. १९९६ साली अपघातानंतर त्याला रक्त चढवलं होतं. तेव्हा दिलेल्या रक्तात हा विषाणू आहे का, हे तपासणं सक्तीचं नव्हतं. मामाने मात्र दुसरीच ओळ धरली. ‘डी वाढलं की व्हायरस मरतो’, असं कुणीतरी त्याला फोनवर पाठवलं होतं. आठवड्याला ६०,००० युनिटची एक पुडी दुधातून घ्यायची, मग रोजच्या गोळ्या कशाला?

त्या निरोपात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. २०११ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृताच्या पेशींना व्हिटॅमिन डी दिलं, तेव्हा विषाणूची पैदास खरंच घटली. त्या काळी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्महिने घ्यावी लागत. जोडीला डी देऊन पाहिलं गेलं. काही चाचण्यांत फायदा दिसला, काहींत नाही.

शिवाय उन्हाने कातडीत तयार झालेल्या डीचं पुढचं रूप यकृतातच घडतं. यकृत फार खालावलं की डीही उतरू शकतं. आणि यकृत ठणठणीत असलेल्यांतही आपल्याकडे ते सर्रास कमी सापडतं. लॉगमध्ये दोन एरर लागोपाठ दिसल्या, तरी पहिलीमुळेच दुसरी आली असं आम्ही धरून चालत नाही. इथेही तेच.

हे सगळं मामाला सांगण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच विचारलं, “मामा, भातावर रोग पडला तर तू नुसतं खत टाकून थांबतोस?”

“छे, फवारावं लागतंच.”

“मग ही फवारणी बारा आठवड्यांची आहे.”

सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर ही औषधं विषाणूची प्रती काढायची यंत्रणाच अडवतात. शंभरातले पंचाण्णवच्या आसपास रुग्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. दुखत-खुपत काही नसताना हा आजार वर्षानुवर्षं यकृत पोखरतो. नुसत्या पुडीवर मामाची आणखी दोन-तीन वर्षं सहज गेली असती.

मामाने गोळ्या पूर्ण केल्या. त्यानंतर बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या डीच्या पुड्याही त्याने घेतल्या. हाडांसाठी.