पलंगावरची सायकल

आजारी माणसाला पडू द्यावं, हे आपल्याकडे न सांगता पाळलं जातं. पाहुणे कुजबुजतात, पोरांना बाहेर पिटाळतात, तो उठू लागला की चौघं ‘पडा, पडा’ करतात. म्हणून आयसीयूत, नळ्यांच्या गुंत्यात निजलेल्या माणसाचे पाय पेडलवर फिरताना दिसले की आधी रागच येतो. अहो, निदान आता तरी सोडा की त्याला!

यंत्र तसं साधं. पलंगाच्या पायथ्याशी सरकवायचं, पोटऱ्यांना आधार द्यायचा, पावलांवर पट्टे आवळायचे. रुग्ण गुंगीत असेल तर मोटरच पाय फिरवते. फिजिओची नजर पायांपेक्षा मॉनिटरवर जास्त: ठोके, रक्तदाब, ऑक्सिजन.

एवढी घाई कशाची? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात अशा रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने मोजत नेला होता. दहा दिवसांत त्याचा छेद सरासरी जवळजवळ 18 टक्क्यांनी घटला. ज्यांचे एकाहून अधिक अवयव थकले होते, त्यांची झीज तर आणखी वेगाने झाली. जन्मभर जिने चढून कमावलेलं बळ, आणि रोग ते आठवड्या-दीड आठवड्यात ओरबाडतो.

बेल्जियममध्ये ल्यूव्हेनला 90 रुग्णांवर ही सायकल करून पाहिली. रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. 2009 मध्ये निष्कर्ष आले: घरी जाताना सायकलवाले सहा मिनिटांत 196 मीटर चालत होते, बाकीचे 143. हे त्रेपन्न मीटर कागदावर किरकोळ वाटतात. दवाखान्याच्या दारापासून रिक्षापर्यंत स्वतःच्या पायांनी जाणाऱ्याला विचारा.

पुढे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने 360 रुग्णांची मोठी चाचणी झाली. 2024 चा तिचा निकाल कोरडा होता. आयसीयूतून बाहेर पडल्यावर तीन दिवसांनी दोन्ही गटांच्या ताकदीत म्हणावा असा फरक नव्हता. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. सायकल न मिळालेल्यांनाही कुणीतरी बसवत, उभं करत होतंच. नेहमीची फिजिओथेरपी दोघांनाही होती.

मला वेड आहे ते वेगळ्याच क्षणाचं. मोटर फिरवतेय की माणूस, हे या यंत्राला कळतं. गुंगी उतरू लागते, डोळे अजून मिटलेले, नाव विचारलं तर उत्तर नाही. आणि पडद्यावर दिसतं की जोर आता आतून येतोय. थोडासाच, मग पुन्हा मोटर. माणूस परतला म्हणायचं की नाही? डॉक्टर थांबतात. नातेवाईक थांबत नाहीत, जिन्यातूनच गावाला फोन लावतात.

आमच्या ओळखीतले एक काका उभा जन्म सायकलवर गिरणीत गेलेले. घशातली नळी निघाल्यावर बसक्या आवाजात कुरकुरले, “सीट नाही, ब्रेक नाही, ही कसली सायकल?”

फिजिओ म्हणाली, “ब्रेक नाहीच, काका. अजून दोन मिनिटं.”