धुराचा माग

मार्चअखेर आम्ही नववीच्या मुलांस घेऊन सिद्धगडाच्या पायथ्याशीं गेलों होतों. गड धुरकट दिसत होता. खालीं भाताच्या रोपांसाठीं पाला, फांद्या व शेण पसरून राब भाजणें चाललें होतें. "हवा नासविणारा तो पाहा!" असें आम्ही सहज बोलून गेलों. एक मुलगा मान खालीं घालून म्हणाला, "सर, तो आमचाच राब आहे." आम्ही ओशाळलों.

घरीं येऊन ग्रंथ चाळले. हवेंतील सूक्ष्म कण गाळणीवर धरून त्यांतील सेंद्रिय द्रव्यें ओळखतां येतात. लांकूड-पाला जळला कीं त्यांतील सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसन नांवाची शर्करा बनते. मोटारींच्या धुरांत होपेन सांपडतात, तीं मुख्यतः वंगणाच्या तेलांतून येतात. शिवाय कार्बन-१४ ची साक्ष आहेच: त्याचें अर्धायुष्य सुमारें ५,७३० वर्षें, म्हणून कोट्यवधि वर्षें पुरलेल्या खनिज तेलांत तो उरलेला नसतो, यंदाच्या पाल्यांत असतो.

परंतु ती शर्करा राबाच्या धुरांतही असते आणि चुलीच्याही. कोणाचा धूर किती, हें तेवढ्यावरून ठरत नाहीं. आणि आमची सहलीची गाडी डिझेलचा धूर सोडीत तेथवर आली होती, हें तर आमच्या ध्यानींही नव्हतें!

सोमवारीं वर्गांत त्या मुलासमक्ष आम्हीं आपले शब्द मागें घेतले. त्यानें विचारलें, "राबांत शेणही असतें, त्याची खूण निराळी असेल का?"

असते. गुरांच्या आंतड्यांत वनस्पतींच्या स्टेरॉलपासून बनलेलीं स्टॅनॉल द्रव्यें शेणाच्या धुरांत उतरतात. हें मात्र आम्हांस दुसऱ्या दिवशीं, पुन्हां ग्रंथ उघडून, सांगावें लागलें.