हात थांबू नयेत, शब्दही थांबू नयेत



आपल्या मंडळींत ओळख विचारण्याआधी पाया पडायची रीत आहे. समोरचा कोण, कुठल्या गावचा, हे नंतर. आधी तो माऊली. मी पेशाने डॉक्टर. बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर काम केलं आणि आषाढीच्या दिवसांत पालखी मार्गावर सेवेला असतो. या कामात एक प्रसंग असा येतो की, समोर आडवा पडलेला नुसता देह आहे की ऐकणारा माणूस, हे क्षणात ठरवावं लागतं. तो प्रसंग उद्या आपल्याच दिंडीत येऊ शकतो, म्हणून हे लिहितो.

हृदय अचानक बंद पडलं की माणूस कोसळतो आणि शुद्ध जाते. अशा वेळी छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी ५ ते ६ सेंटिमीटर खोल. यालाच सीपीआर म्हणतात. १९६० मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी छाती न उघडता हृदय असं बाहेरून दाबायची रीत जगापुढे मांडली. या दाबण्याने हृदय बरं होत नाही. आपले हात तेवढा वेळ त्याचं काम करतात, थोडंफार रक्त मेंदूपर्यंत पोचवतात. पुढे विजेचा झटका आणि औषधं मिळेपर्यंतचा हा उसना श्वास.

आता अवघड गोष्ट. लवकर सुरू केलेलं, नीट केलेलं दाबणं कधी कधी इतकं चांगलं लागू पडतं की हृदय बंद असतानाही मेंदू जागा होतो. माणूस डोळे उघडतो, कण्हतो, हात वर करून आपले हात ढकलतो. काही जण बोलतातसुद्धा. हात थांबवले की काही सेकंदांत पुन्हा शुद्ध जाते. दाबायला लागलं की पुन्हा जाग येते.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात रुग्णवाहिका पथकांनी हाताळलेल्या अशा १६,५५८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत ११२ जणांमध्ये ही जाग दिसली. म्हणजे हजारात सात. बहुतेकांनी हातपाय हलवले, तर शंभरातले जवळजवळ तीस बोलले. प्रमाण लहान आहे. पण वर्षागणिक ते वाढत गेल्याचंही त्या नोंदींत दिसलं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते एका चढणीवर. सत्तरीतले बाबा, डोक्याला फेटा, गळ्यात तुळशीची माळ. ऊन, रिकामं पोट आणि घाटाची चढण. दोन टाळकऱ्यांनी लगेच छाती दाबायला सुरुवात केली होती, म्हणून आम्ही पोचलो तेव्हा आशा होती. मी हात घेतले आणि मिनिटाभरात बाबांनी माझं मनगट धरलं. डोळे उघडे, माझ्याकडेच रोखलेले. भोवतीची माणसं ओरडली, "अहो डॉक्टर, सोडा की! जित्तं हाय म्हातारं!" मी पडद्यावर पाहिलं. हृदय नुसतं थरथरत होतं, ठोका नव्हता. मी दाबत राहिलो. आपल्याकडे पाहणाऱ्या माणसाच्या बरगडीचा आवाज आपल्याच तळहाताखाली ऐकणं फार जड असतं.

त्याच वेळी मागून कुणीतरी हात जोडून म्हणालं, "वारीत देह ठेवला. सोनं झालं." म्हणणाऱ्याच्या मनात फक्त भक्ती होती. पण बाबांची पकड तेव्हा माझ्या मनगटावर घट्ट झाली.

विजेच्या दुसऱ्या झटक्याने त्यांचं हृदय चालू झालं. काही दिवसांनी मी दवाखान्यात भेटायला गेलो. म्हणाले, "छातीवर कोन तरी बसल्यालं कळत हुतं. अन् सोनं झालं म्हनलेलं ऐकू आलं. मला म्हनायचं हुतं, आरं, अजून पंढरपूर लांब हाय."

सगळेच असे परत येत नाहीत. एका माऊलीने माझ्या हाताखाली डोळे उघडले, लेकाचं नाव घेतलं आणि पुढच्या अर्ध्या तासात त्या गेल्या. त्या बाईंनी या जगातला शेवटचा स्पर्श आणि शेवटचा शब्द आमचाच अनुभवला. तेव्हा तो शब्द कसा असावा, याचा विचार मी पुष्कळ केला आहे.

शिकलेलं पथक अशा वेळी काय करतं? आधी खात्री. मान्यावरची नाडी आणि यंत्राचा पडदा पाहायचा, तोही दहा सेकंदांच्या आत. ठोका नसेल तर रुग्ण कितीही ढकलू दे, हात चालू ठेवायचे. दमलेल्या हातांनी दाब उथळ होतो, म्हणून दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. एकाने रुग्णाचे हात हळुवार धरायचे. शक्य असेल तिथे वेदना आणि भीती शमवणारं औषध, केटामीन, मिडाझोलाम किंवा फेंटानिल, अगदी थोड्या मात्रेत द्यायचं. जास्त दिलं तर रक्तदाब आणखी ढासळू शकतो. आणि एक कडक पथ्य : हालचाल थांबवण्यासाठी स्नायू लुळे करणारं औषध एकटं कधीही द्यायचं नाही. त्याने देह शांत दिसतो, पण आत जागा असलेला माणूस जागाच राहतो. त्याचं दुःख फक्त आपल्याला दिसेनासं होतं.

आणि बोलायचं. हे काम एकाने कानाशी बसून करायचं : "बाबा, तुमचं हृदय थांबलंय. आम्ही ते हातांनी चालवतोय. दुखतंय, ठाऊक आहे. पण थांबणार नाही. मी इथंच आहे." ऐकू जातंय की नाही, याची वाट पाहायची नाही. ऐकणारा आत आहे असं धरूनच बोलायचं. माणूस वाचला तर पुढे त्याला काय आठवतं तेही विचारायचं, कारण ती भीती बरगड्यांपेक्षा उशिरा भरून येते.

मला वाटतं, हे आपल्याला परकं नाही. समोरचा उत्तर देतो म्हणून का आपण त्याला माऊली म्हणतो? तो आत आहे, एवढंच पुरतं. करुणा म्हणजे नेहमी मऊ हात, असंही नाही. लेकराच्या तळव्यातला काटा आई त्याच्या रडण्याकडे पाहून सोडून देत नाही. काढते, आणि काढता काढता त्याच्याशी बोलत राहते. हात घट्ट, शब्द मऊ.

म्हणून दिंडीतल्या भाविकांना विनंती. कुणी कोसळलं, हाक मारून उठत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यावी. रुग्णवाहिकेत मोजकीच माणसं असतात. दाबायला तरणे टाळकरी हाताशी हवेत. माणूस हलला म्हणून डॉक्टरांचे हात ओढू नका. बेशुद्ध माणसाच्या मुखात तीर्थ घालू नका. पाणी श्वासनलिकेत जाईल. गर्दी हटवा. चोपदारांनी चोप वर केला की दिंडी जशी शांत होते, तशी शांतता तिथे होऊ द्या.

आणि सोनं झालं, असं कुणी म्हणू नये. निदान डॉक्टर हात उचलत नाहीत तोवर. त्यापेक्षा जवळ बसा, नाव घेऊन हाक मारा, सांगा की दिंडी थांबली आहे, तुम्हाला घेतल्याशिवाय जाणार नाही. नामस्मरण करायचं तर कानाशी, हळू करा. निरोप म्हणून नव्हे, सोबत म्हणून.

रामकृष्णहरी.